उडणारीच्या पायाखालची जमीन

दर वर्षी ८ मार्च जवळ आला की आपल्या गटांमध्ये पोस्टरांचं काम निघतं. सावित्रीबाई आणि फातिमाबी यांच्या शेजारी हमखास एक विमान चालवणारी बाई येते. डोक्याला कातडी टोपी, कपाळावर सरकवलेला चष्मा, मागे जुनं दुपंखी विमान आणि खाली एक ओळ : ‘धाडस कर, आकाश तुझंच आहे.’ जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला मढ आणि त्याच्या भोवतालच्या वाड्यांवर मी काम करते. तिथल्या शाळांच्या भिंतींवरही अशी पोस्टरं लागतात. माझी तक्रार चित्राबद्दल नाही. विमान चालवणारी बाई मुलींना दिसलीच पाहिजे. तक्रार आहे ती खालच्या ओळीबद्दल. मुलीत धाडस कमी आहे, म्हणून ती जमिनीवर राहिली, असं ती ओळ सुचवते. हे मला मान्य नाही.

म्हणून या लेखात मी उड्डाणाचं सगळ्यात एकटं वाटणारं उदाहरण घेते. एक माणूस, एक जुनं खाजगी विमान आणि ओलांडायची देशाची सीमा. कंपनी नाही, प्रवासी नाहीत, वरून पाहिलं तर खाली कुंपणसुद्धा दिसत नाही. स्वातंत्र्याचं याहून स्वच्छ चित्र कुठलं असेल, असं वाटतं. पण नीट पाहिलं तर त्या चित्रात धाडसापेक्षा कागद आणि जमिनीवरची माणसंच जास्त आहेत.

आधी कायदा बघू. १९४४ साली शिकागोला नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की, प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे. म्हणजे ‘आकाश तुझंच आहे’ हे कायद्याने कोणालाच म्हणता येत नाही. त्याच कराराचं २९वं कलम सीमा ओलांडणाऱ्या विमानात कोणते कागद हवेत ते सांगतं : नोंदणीचं प्रमाणपत्र, विमान उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, चालवणाऱ्याचा परवाना, प्रवासाची नोंदवही, रेडिओ असेल तर त्याचा परवाना, प्रवासी असतील तर त्यांची यादी, माल असेल तर त्याची यादी. शिवाय उड्डाणाचा आराखडा आधी द्यायचा, जिथे कस्टमची सोय आहे अशाच विमानतळावर उतरायचं, भारतात हवाई संरक्षणाची परवानगी घ्यायची. विमान जुनं असेल तर आणखी एक अडचण असते. पुष्कळ जुन्या विमानांना आजच्या मापाचं पूर्ण प्रमाणपत्र मिळत नाही, त्यांच्या देशाचा मर्यादित परवाना मिळतो. तो परवाना सीमेपलीकडे आपोआप चालत नाही. वाटेतल्या देशांकडून वेगळी परवानगी मागावी लागते. विमान उत्तम उडत असलं तरी कागद पुरे नसतील तर ते सीमेच्या अलीकडेच थांबतं.

मैत्रिणींनो, हे वाचताना तुम्हाला काही ओळखीचं वाटलं का? मला वाटलं. फक्त एक फरक आहे. विमानाचं राष्ट्रीयत्व त्याच्या नोंदणीवरून ठरतं, त्याच्या बापाचं नाव कोणी विचारत नाही. आपल्या देशात मात्र परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व हवं असेल तर बाप भारतीय असावा लागे. आई भारतीय असून चालत नसे. हा भेद १९९२ च्या दुरुस्तीने गेला. आई हीसुद्धा मुलाची नैसर्गिक पालक असू शकते हे वडील हयात असताना मान्य व्हायला १९९९ साल उजाडलं, गीता हरिहरन यांच्या खटल्यात.

आता आपल्याकडची एक जुनी वाट बघू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. विमान होतं ‘पुस मॉथ’, एका इंजिनाचं, छोटंसं. तेव्हा त्यांनी कुठलीही सीमा ओलांडली नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. बरोबर ५० वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, ७८ वर्षांच्या जे.आर.डीं.नी तीच वाट पुन्हा केली. या वेळी १९३० च्या दशकातलं ‘लेपर्ड मॉथ’ हे जुनं विमान होतं. शहरं तीच, समुद्र तोच, पण आता मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा होती. २०२१ साली, त्याच तारखेला, मुंबईची वैमानिक आरोही पंडित हिने त्या उड्डाणाची आठवण म्हणून एका छोट्या विमानातून जुहू गाठलं, तेही अहमदाबादमार्गेच. पण ती निघाली भुजहून, कराचीहून नव्हे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. एकाच वाटेची ही चार सालं शेजारी शेजारी ठेवली की कळतं, सीमा ही निसर्गाने घातलेली रेघ नाही. माणसांनी कागदावर ती ओढली आणि आधी जी नुसती वाट होती ती पराक्रम झाली.

त्या रेघेने बायांचं काय केलं? लाहोरच्या सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, २१ व्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवलं. तेव्हा त्या चार वर्षांच्या मुलीच्या आई होत्या. १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती विमान अपघातात गेले. तरी व्यावसायिक परवाना मिळवायचा म्हणून त्या जोधपूरला शिकायला गेल्या. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि नागरी प्रशिक्षण बंद पडलं. त्या लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या. फाळणी झाली आणि आपल्या दोन मुलींना घेऊन त्या दिल्लीला आल्या. पुढे कपड्यांचे आणि दागिन्यांचे नमुने करून त्यांनी आपला व्यवसाय उभा केला. पोस्टरवर त्यांचं साडीतलं चित्र येतं, पण परवाना अर्धवट का राहिला ते येत नाही. सरलाबाईंकडे धाडस कमी होतं असं कोणी म्हणेल का?

आणि ज्यांच्याकडे विमान नव्हतं त्या हजारो बाया? फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. कोणती बाई कोणत्या देशाची हे त्यात सरकार ठरवत होतं. तिची स्वतःची इच्छा निर्णायक नव्हती. काही जणींना त्यांच्या मनाविरुद्ध सीमेपलीकडे पोचवलं गेलं. ऊर्वशी बुटालिया यांनी आणि रितू मेनन व कमला भसीन यांनी १९९८ मध्ये आपल्या पुस्तकांतून हे सारं पुढे आणलं, ते आपल्यापैकी अनेकींनी अभ्यासवर्गांत वाचलं आहे. सीमा ओलांडणं हा त्या बायांसाठी पराक्रम नव्हता, शिक्षा होती. तेव्हा ‘सीमा ओलांडली’ एवढ्याने बाई मोकळी होत नाही. कुणाच्या मर्जीने आणि कुणाच्या सहीने ओलांडली, हे विचारावं लागतं.

आता ज्या आपल्या मर्जीने गेल्या त्यांच्याकडे बघू. एमी जॉन्सन ही इंग्लंडची मुलगी ५ मे १९३० ला वापरलेलं जिप्सी मॉथ घेऊन क्रॉयडनहून एकटी निघाली. बगदाद, कराची करत ती झाशीला उतरली, तिथून अलाहाबाद, कलकत्ता, रंगून असं करत २४ मे ला ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचली. एकटी, हे खरंच. पण विमानाचे निम्मे पैसे तिच्या वडिलांनी दिले होते आणि निम्मे तेलाच्या व्यापारातल्या लॉर्ड वेकफील्ड यांनी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निघण्याच्या आदल्या वर्षी तिने विमान दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचा परवाना मिळवला होता. ती आधी जमिनीवर, कार्यशाळेत, हात काळे करून उभी राहिली आणि मग वर गेली.

आपली आरोही पंडितही तशीच. ३० जुलै २०१८ ला ती आणि किथैर मिस्किटा, दोघी मुंबईच्या आणि विशीतल्या, पतियाळाहून निघाल्या. विमान एका इंजिनाचं, सुमारे ४०० किलो वजनाचं. विमान जुनं नव्हतं, पण मॉथच्याच जातकुळीचं छोटं आणि हलकं. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान करत युरोप आणि इंग्लंड गाठलं. अटलांटिकवर मात्र दोघींना एकत्र जाता आलं नाही. दुसऱ्या आसनाच्या जागी समुद्रात लागणारी होडी आणि प्राणवायूसारखं सामान ठेवावं लागणार होतं. मे २०१९ मध्ये आरोही स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत एकटी कॅनडात उतरली. इतक्या हलक्या विमानातून अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री. वर्तमानपत्रांनी ‘एकटी’ हा शब्द मोठ्या अक्षरात छापला. माझ्या मते त्या बातमीत दोन बाया आहेत. एक वर होती आणि एकीने आपलं आसन रिकामं केलं होतं.

भुजचीच आणखी एक गोष्ट आहे. १९७१ च्या डिसेंबरात बॉम्बहल्ल्यांनी भुजची धावपट्टी फुटली. शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायांनी ७२ तासांत ती पुन्हा उभी केली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, थांबला की परत दगड उचलायचे. वरून दिसू नये म्हणून त्यांनी हिरवी लुगडी नेसली. तेव्हा तिथली जबाबदारी विजय कर्णिक या अधिकाऱ्याकडे होती. युद्धाचं कौतुक करण्यासाठी मी हे सांगत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की विमान उडतं ते धावपट्टीवरून, आणि धावपट्टी बाया घालतात. पोस्टरवर मात्र एकटी वैमानिक येते.

जमिनीची ओळख नसली तर काय होतं, हे आमच्या जुन्नर तालुक्याने पाहिलं आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर इटलीच्या अलितालिया कंपनीचं मोठं जेट विमान बँकॉकहून मुंबईला येताना आमच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळलं. विमानातली सगळी ९४ माणसं गेली. आपण मुंबईच्या अधिक जवळ आहोत असं समजून विमान वेळेआधी खाली आणलं गेलं होतं. यंत्र नवं होतं, चालवणारे अनुभवी होते. आपल्या पायाखाली काय आहे याचा हिशेब तेवढा चुकला.

आता मढकडे येते. माळशेज घाटाच्या तोंडाशी, पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूला, भात आणि हिरडा यांवर जगणारा हा मुलूख आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. इथल्या मुलींमध्ये धाडस कमी आहे असं ज्याला वाटतं त्याने पावसाळ्यात त्यांच्याबरोबर ओढा ओलांडून शाळेत जाऊन दाखवावं. बिबट्याचा तालुका आहे हा. संध्याकाळी एसटीतून उतरून वाडीपर्यंत चालत जाणाऱ्या मुलीला ‘धाडस कर’ सांगायला मला तरी लाज वाटते.

तिला अडवतं ते वेगळंच. समजा, तिला खरोखर वैमानिक व्हायचं आहे. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, असा नियम कित्येक वर्षं चालत आला. तो सैल करण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे आधी विज्ञान शाखा. आमच्याकडच्या विज्ञानाला जाणाऱ्या बहुतेक मुली ओतूर किंवा जुन्नरची वाट धरतात. तिथे वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाही तर लग्नाची बोलणी. पुढे २०० तासांचं उड्डाण. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इथे प्रशिक्षणाच्या सोयी झाल्या, पण एकूण खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. म्हणजे राखीव जागा आणि शिष्यवृत्ती यांशिवाय गत्यंतर नाही. आणि त्यासाठी लागतो जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी.

इथे तिचा खरा सीमाप्रवास सुरू होतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, महसुली नोंद, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. तहसील जुन्नरला, प्रांत मंचरला, आदिवासी प्रकल्प कार्यालय घोडेगावला, पडताळणी समिती पुण्याला. वाटेतल्या प्रत्येक ‘देशाची’ वेगळी परवानगी! माझ्या कामात आलेल्या एका मुलीचे आजोबा एका कागदावर ‘कोंडू’ आहेत आणि दुसऱ्यावर ‘कोंडाजी’. हा एक काना-मात्रेचा डोंगर ओलांडण्यात तिचं एक शैक्षणिक वर्ष गेलं. ते वर्ष धाडसाने भरून निघालं नसतं.

शिवाय ही सगळी वाट बापाकडून जाते. वडील, आजोबा, चुलते, चुलतभाऊ. पुरावा वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्याचा. वंशावळीत मुलीचं लग्न झालं की तिच्या नावाशी रेघ संपते. नवऱ्याने टाकलेली बाई एकटीने लेकीला वाढवते, पण लेकीच्या कागदांसाठी तिला त्याच सासरच्या दारात उभं राहावं लागतं, कारण सासऱ्याचा उतारा तिथल्या पेटीत असतो. तो उतारा द्यायचा की नाही हे दीर ठरवतो. मी अशा उताऱ्यासाठी बाईला शेतावरचा हक्क सोडायला लावलेला पाहिला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सक्तीचं केलं, त्याचं आपण स्वागत केलं. पण नावात आई आली तरी पुराव्यात ती अजून आलेली नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप येतील. पहिला आपल्यातल्याच काही जणी घेतील : जुनी खाजगी विमानं उडवणं हा श्रीमंतांचा छंद, त्याचं आदिवासी बाईला काय? श्रीमंतांचा छंद आहे हे खरंच आहे. म्हणूनच मी त्याच्याकडे पाहते. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते आपल्या मुलीला ‘फक्त धाडस कर’ असं सांगत नाहीत. ते विमान घेतात, तंत्रज्ञ नेमतात, परवानग्या काढतात, वाटेत इंधनाची सोय करतात आणि मग ती धाडस करते. तयारीची ही यादी आपल्या मुलींनाच का मिळू नये? दुसरा आक्षेप असा, की प्रेरणा लागतेच. भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के बाया आहेत, जगात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे, हे चित्रं पाहूनच घडलं ना? मला वाटतं, चित्राने इच्छा जागी होते, पण तिथवर पोचायला वाट लागते. त्या १५ टक्क्यांत आमच्या वाडीसारख्या वाड्यांवरच्या मुली किती, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

‘धाडस कर’ या शब्दांचा आणखी एक तोटा आहे. त्याने अपयशाचं ओझं मुलीवर जातं. ती दहावीनंतर थांबली तर तिने हिंमत केली नाही, असं होतं. व्यवस्था नामानिराळी राहते. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘तूच का सोडून गेली नाहीस’ असं विचारणं आणि हे विचारणं यांची जात एकच आहे. आपल्या चळवळीने पहिला प्रश्न बंद पाडण्यासाठी किती वर्षं घालवली! दुसरा आपणच पोस्टरवर छापू नये.

म्हणून जुन्नर आणि आंबेगावच्या गटांपुढे मी काही सूचना ठेवते. एक, नववीतल्या मुलींसाठी कागदांचं शिबिर घ्यावं. दाखला आणि पडताळणीची तयारी बारावीच्या तोंडावर नको, तीन वर्षं आधी सुरू व्हावी. जुन्या शाळांची रजिस्टरं पाहून उतारे काढण्याचं काम कार्यकर्त्यांनी गावनिहाय वाटून घ्यावं. दोन, बापाने टाकलेल्या किंवा एकट्या आईच्या मुलींना सासरकडचे पुरावे मिळवून देण्यासाठी गटाने त्या आईसोबत जावं, तिला एकटीला पाठवू नये. आईच्या बाजूचे पुरावेही विचारात घ्यावेत, ही मागणी सगळ्या संघटनांनी मिळून लावून धरावी. तीन, ओतूर-जुन्नरला विज्ञान शिकणाऱ्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहाच्या जागा आणि तिथवरच्या एसटीच्या वेळा हा आपल्या कार्यक्रमाचा भाग व्हावा. तो ‘विकासाचा’ प्रश्न म्हणून दुसऱ्या कोणावर सोडू नये.

आणि पोस्टर? ते जरूर करू. विमानात आरोही असू दे, जुन्या मॉथमध्ये सरलाबाई असू देत. पण या वेळी चित्रात खालची जमीनही काढू या : आसन रिकामं करणारी किथैर, दगड वाहणाऱ्या माधापरच्या बाया आणि कोतवाल बुकाची नक्कल हातात घेऊन रांगेत उभी असलेली मढची एक आई. खालची ओळ काय असावी हे मी ठरवलेलं नाही. गटांनी सुचवावी, आणि वरच्या सूचना ज्यांना पटत नसतील त्यांनी पुढच्या अंकात तसं जरूर लिहावं.